पोकलेनची क्रँक बदलली: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२६

मशीन काल रात्री उशिरा ट्रेलरवरून विल्होळीच्या शेडमध्ये उतरवलं. वीस टनी पोकलेन, मागे कमिन्सचं सहा सिलिंडर, ५.९ लिटरचं टर्बो इंजिन, डिझेल पंप मेकॅनिकल. मीटरवर ११,४०० तास. सारूळच्या खाणीवर ब्रेकर लावून काळा पाषाण फोडत होतं. सिंहस्थाच्या रस्त्यांमुळे सध्या खडीला मोठा उठाव आहे, तिकडे मशीन थांबवायला कुणालाच सवड नाही.

ऑपरेटरचं सांगणं असं: इंजिन तापलं की रिकाम्या रेसला तेलाचा दिवा लुकलुकतो, आणि लोड घेताना खालून ठोका येतो. ठोका ऐकताच त्यानं मशीन जागेवर बंद केलं आणि मालकांना फोन लावला. या माणसानं ब्लॉक वाचवला. अजून थोडा वेळ चालवलं असतं तर रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणारा दांडा) ब्लॉक फोडून बाहेर आला असता. मालकांनी त्याला चार शब्द कौतुकाचे बोलावेत असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मालकांना आधी इंजिन चालू करून ठोका ऐकायचा होता. मी नाही म्हटलं. "भाऊ, ठोका तुमच्या माणसानं ऐकलाय, तेवढा पुरे. आधी फिल्टर कापून बघू." ऑइल फिल्टरचा पत्रा कापला, आतला कागद पिळून पांढऱ्या फडक्यावर पसरला आणि उन्हात धरला. तांबूस चकाकी. बेअरिंगच्या शेलला, म्हणजे अर्धगोल पत्र्याला, तीन थर असतात: पाठीला स्टील, मधे तांबं-शिशाचा मिश्रधातू, वर शिसं-कथलाचा अगदी पातळ मऊ थर. फिल्टरमध्ये करडी चमक दिसली तर वरचा थर जायला लागलाय. तांबूस दिसली तर तो संपलाय आणि जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मधल्या थरावर घासतंय. खाणीवरच्या मिस्त्रीनं तेलाच्या दाबाचा गेज लावून पाहिलं होतं: गरम इंजिनाला रिकाम्या रेसवर ५ पीएसआय. या इंजिनाला तिथं किमान १० लागतं, पूर्ण रेसला किमान ३०. दोन्ही गोष्टी जुळल्या. इंजिन बाहेर काढायचं ठरलं.

वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ मोठ्या अक्षरात लिहिली: क्रँक का गेली? हे कळल्याशिवाय नवी क्रँक आत जाणार नाही.

८ जानेवारी

मशीन प्रेशर पाण्यानं धुऊन घेतलं. खाणीची करडी माती इंजिनाच्या प्रत्येक कोपऱ्यात दगडासारखी बसली होती. न धुता इंजिन उघडणं म्हणजे तीच माती बेअरिंगवर पाडणं.

बॅटरीच्या वायरी आधी काढल्या. हायड्रॉलिक टाकीची हवा सोडली. मुख्य हायड्रॉलिक पंप फ्लायव्हील हाउसिंगला बसलेला असतो. त्याचे पाइप न उघडता पंप स्वतंत्र चेनवर टांगून मागे सरकवला. हायड्रॉलिकची एक लाइन उघडायची म्हणजे धूळ आत जायला एक दार उघडायचं, म्हणून जमेल तितकं टाळतो. प्रत्येक वायरीला कापडी चिकटपट्टी लावून नंबर टाकला, मोबाइलमध्ये फोटो घेतले. रेडिएटर, सायलेन्सर, टर्बोचे पाइप असं सगळं उतरवत गेलो.

आणि इथेच पहिलं उत्तर हाती लागलं. एअर फिल्टरपासून टर्बोकडे (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) येणारा रबरी होज वरून अगदी नवा दिसतो. खाली, जिथे तो चेसिसच्या कंगोऱ्याला टेकतो, तिथे क्लँपच्या शेजारी घासून आरपार फाटलाय. बोट आत फिरवलं तर पिठासारखी बारीक करडी भुकटी बोटाला लागली. टर्बोच्या हवेकडच्या चाकाची पाती धारेला झिजून पातळ झाली आहेत. फिल्टर वेळेवर बदलत होते, त्याची बिलं मालकांकडे आहेत. पण फिल्टरच्या पुढे भोक असेल तर फिल्टर कितीही चांगला असो, इंजिन खाणीचीच हवा पितं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची भुकटी इंजिनाच्या लोखंडाला सहज ओरखडते. ती आधी वरची रिंग आणि सिलिंडरचा वरचा भाग खाते, मग रिंगांवरून तेलात उतरते आणि तिथून बेअरिंगमध्ये जाते.

संध्याकाळी दोन टनी चेन पुलीवर इंजिन बाहेर आलं. इंजिन हवेत असताना त्याच्याखाली कुणीही हात घालायचा नाही हा शेडचा नियम, तो आज नव्या पोराला परत सांगितला.

११ जानेवारी

उघडणं. हेड, तेलाचं चेंबर, तेलाचा पंप, पुढचं गिअर कव्हर. मेन बेअरिंगच्या (ज्यांवर क्रँक ब्लॉकमध्ये फिरते) आणि रॉडच्या प्रत्येक टोपीवर नंबर आणि दिशा आहे का ते बघितलं. दोन रॉडवरचे नंबर पुसट होते, ते परत उमटवून मगच बोल्ट ढिले केले. रॉडची टोपी त्याच रॉडसोबत मशीन केलेली असते, एकाची दुसऱ्याला चालत नाही.

पिस्टन वरून निघाले. सिलिंडरच्या वरच्या कडेला नखाला लागेल इतकी पायरी तयार झाली आहे. धुळीची ही सही आहे. चौथ्या रॉडचे शेल हातात घेतले तर वरच्या शेलला पांढरा थर औषधालाही उरलेला नाही, सगळं तांबं. शेलच्या पाठीवर ०.५० चा शिक्का. म्हणजे ही क्रँक आधी एकदा घासून झालेली आहे, क्रँकपिना (जिथे रॉड बसतात ती जर्नलं) ०.५० मिलिमीटरनं आणि मेन ०.२५ नं लहान केलेल्या. मालकांनी मशीन जुनं घेतलंय, त्यांना हे ठाऊक नव्हतं.

चौथ्या पिनेवर निळसर पट्टा. स्टीलवर असा रंग आला की तिथलं तेल तुटून ती जागा भाजली असं समजायचं.

१३ जानेवारी

आजचा दिवस मायक्रोमीटरचा.

नाशिकची जानेवारीतली सकाळ, शेडमध्ये हात गारठत होते. क्रँक गरम पाण्यात सोडा घालून धुतलेली. पोरगा लगेच मोजायला निघाला, त्याला थांबवलं. स्टील दर अंशाला थोडं फुगतं. ८३ मिलिमीटरच्या जर्नलमागे साधारण एक मायक्रॉन. भाग पंधरा-वीस अंशांनी गरम आणि मायक्रोमीटर गार असेल तर मिलिमीटरच्या दीड-दोन शतांशाचा फरक नुसता हवेमुळे येतो, आणि इथे निर्णयच शतांशावर आहेत. क्रँक, मायक्रोमीटर आणि तपासणीचा ठोकळा तिन्ही एका टेबलावर दुपारपर्यंत ठेवले, मग मोजायला घेतलं.

मूळ माप मेनचं ८३.०० आणि क्रँकपिनेचं ६९.०० मिलिमीटर. घासल्यानंतर ते ८२.७५ आणि ६८.५० असायला हवं. प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी आणि दोन दिशांनी मोजलं. मेन सगळी ८२.७२ च्या आसपास. पिना ६८.४७ ते ६८.४८. चौथी पिन एका दिशेनं ६८.४३, काटकोनात ६८.३६. पिन सात शतांशांनी लंबगोल झाली आहे, चालतं ते पाच शतांशांपर्यंत.

तरी आकड्यांकडे बघून क्रँक मेलेली म्हणता येत नाही. पुढची साइझ ०.७५ ची, म्हणजे पिन ६८.२५ ला आणायची. मापात ती अजून एकदा घासता येते. म्हणून आज निर्णय घेतला नाही.

मोजून झाल्यावर प्रत्येक तेलाच्या भोकातून तार घातली. चौथ्या पिनेच्या भोकात तार अडली. हुकानं ओढलं तर लालसर रबरासारखा गोळा निघाला: गॅस्केटला लावायचं सिलिकॉन. भोक अर्ध्याहून जास्त बुजलं होतं. निळा पट्टा चौथ्याच पिनेवर का आला, हे आता कळलं. पण हा गोळा फिल्टर ओलांडून आला कसा? वहीत प्रश्न लिहून ठेवला.

१४ जानेवारी

काम बंद. पोरगा येवल्याचा आहे, संक्रांतीला येवल्यात पतंगांपुढे दुसरं काही चालत नाही. भोगीच्या संध्याकाळीच गेला, करीचा दिवस झाल्यावर येईल.

१७ जानेवारी

क्रँक सातपूरला नेली, चुंबकीय क्रॅक टेस्टसाठी. क्रँकमधून चुंबकक्षेत्र सोडतात आणि चमकणारी लोहभुकटी मिसळलेलं पातळ तेल वरून ओततात. जिथे तडा असतो तिथे भुकटी गोळा होते आणि जांभळ्या दिव्याखाली हिरवी रेघ उमटते. साध्या डोळ्यांना क्रँक स्वच्छ दिसत होती. दिव्याखाली चौथ्या पिनेच्या कोपऱ्यात, पिन जिथे गालाला, म्हणजे शेजारच्या जाड पाटीला, मिळते तिथे, नखाच्या रुंदीची सरळ रेघ. पुसली, परत तेल ओतलं. रेघ तिथेच.

मग त्या कोपऱ्याकडे भिंगातून नीट बघितलं. कारखान्यातून येताना पिन आणि गाल यांच्यामध्ये गोलाई असते. ती दिसायला क्षुल्लक, पण क्रँकचं आयुष्य तिच्यावर उभं असतं, कारण पिळाचा आणि वाकण्याचा सगळा ताण त्याच कोपऱ्यातून वाहतो. आधीच्या घासाईत दगडाची कड गोल न करता चौकोनी ठेवून ती गोलाई कापलेली आहे. कोपऱ्यात बारीक पायरी राहिली आहे आणि तडा त्या पायरीपासूनच निघालाय. ग्राइंडिंग करणाऱ्याकडे क्रँक देताना आपण साइझ विचारतो, भाव विचारतो. दगडाची गोलाई तपासली का, हे क्वचितच कुणी विचारतं. ते विचारायला हवं आणि काम झाल्यावर गोलाईचा गेज लावून स्वतः बघायला हवं.

मालकांना शेडवर बोलावून रेघेचा फोटो दाखवला. नव्या क्रँकचा आकडा ऐकून ते गप्प झाले. मग म्हणाले, "एक जण पिन वेल्डिंगनं भरून देतो म्हणतोय. निम्म्याहून कमीत काम होईल." त्यांची अडचण मला कळते, मशीनचा हप्ता मशीन उभं असलं तरी थांबत नाही. पण या गोष्टीवर मी हललो नाही. भरण्याच्या उष्णतेनं पिनेची कडक केलेली कातडी मऊ पडते, शेजारचं स्टील ताणलं जातं, आणि खालचा तडा आहे तिथेच राहतो. स्थिर उभ्या असलेल्या हलक्या यंत्राला एखादवेळी चालून जाईल. ब्रेकरचे धक्के खाणाऱ्या, सहा सिलिंडरच्या लांब क्रँकला नाही. ती तुटली तर ब्लॉक, रॉड, पिस्टन सगळं सोबत घेऊन जाते. "भाऊ, घासता आली असती तर मी स्वतः घासून घ्या म्हटलं असतं. मापं तशी आहेत. पण तडा आहे," एवढंच म्हटलं. त्यांनी परत फोटो बघितला आणि नव्या क्रँकला होकार दिला. सोबत मेनचे आणि रॉडचे स्टँडर्ड साइझचे शेल, थ्रस्ट बेअरिंग आणि पुढचे-मागचे सील.

२० जानेवारी

डँपर तपासला. क्रँकच्या पुढच्या टोकाला असलेलं हे चाक बहुतेक लोक नुसती पुली समजतात. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला पीळ बसतो आणि सुटतो. तो थरथराट आतला हब आणि बाहेरची कडी यांच्यामधलं रबर पोटात घेतं. दोन्हीवर एका रेषेत खुणा असतात. दीड मिलिमीटरच्या वर सरकल्या तर डँपर बाद. आपल्या तीन मिलिमीटर सरकल्या आहेत, रबर काठाला उकललंय. तडा जायला गोलाईचा अभाव मुख्य कारण, पण या मेलेल्या डँपरनं त्यात भर टाकली असणार. नवा मागवला.

चौथ्या रॉडचं मोठं भोक टोपी बोल्टून मोजलं, लांबट झालंय. रॉड बदलायचा, बाकीच्यांच्या वजन-गटातलाच. उरलेल्या पाचांचा वाक आणि पीळ बघितला, ठीक.

२४ जानेवारी

ब्लॉक अंबडला. या इंजिनाला वेगळे लाइनर नसतात, पिस्टन थेट ब्लॉकच्या भोकात चालतात. मूळ बोअर १०२ मिलिमीटर, फार तर १०२.१२ पर्यंत चालतो. सहाही बोअर वरच्या टोकाला त्याच्या पुढे गेलेत. धुळीनं सहांना सारखंच खाल्लंय, एकाला सोडलं नाही. अर्ध्या मिलिमीटरनं बोअरिंग, ओव्हरसाइझ पिस्टन, शेवटी होनिंग, म्हणजे बारीक दगडानं आतून घासाई. पिस्टन हातात आल्यावर प्रत्येक मोजून त्याच्या मापानं त्याचा बोअर करायचा, असं लिहून दिलं.

मेन बेअरिंगची भोकं टोप्या पूर्ण टॉर्कला आवळून मोजून घेतली. एका रेषेत आहेत आणि गोल आहेत. हा मोठा दिलासा. ब्लॉकची रेघ वाकडी असती तर नवी क्रँक पहिल्या दिवसापासून वाकून फिरली असती.

२७ जानेवारी

ब्लॉक परत आला, पण कोरा करकरीत दिसणारा ब्लॉक सर्वांत फसवा. होनिंगची भुकटी तेलाच्या वाटांत असतेच. मुख्य वाटेचे सगळे प्लग काढले. लांब नायलॉनचे ब्रश, साबणाचं गरम पाणी, मग डिझेल, मग हवा, परत ब्रश. पिस्टनला खालून तेल मारणारे जेट एकेक काढून फुंकले. सिलिंडर साबणाच्या पाण्यानं घासून पांढऱ्या फडक्यावर तेल घेऊन पुसले. फडकं करडं निघणं थांबेपर्यंत पुसत राहायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि कुठल्याच बिलात नीट दिसत नाही. पण नव्या बेअरिंगचं पहिल्या तासाचं भवितव्य इथेच ठरतं, म्हणून ते मी दुसऱ्यावर सोपवत नाही.

सिलिकॉनचा उगम सापडला. ऑइल कूलरच्या कव्हरला गॅस्केट असताना वरून जाड लेप दिलेला होता; आतल्या कडेनं तो फुगवटे येऊन लोंबत होता आणि दोन ठिकाणी तुटलेला होता. फिल्टरमधून गाळून आलेलं तेल त्याच कव्हरमधून मुख्य वाटेला जातं. म्हणून गोळा थेट क्रँकमध्ये पोहोचला, मधे अडवायला काहीच नव्हतं. जिथे कारखान्यानं गॅस्केट दिलंय तिथे कोरडं गॅस्केट, ही गोष्ट पोराला कव्हर हातात देऊन दाखवली.

ऑइल कूलरचा गाभा नवाच घेतला. जुन्याच्या पापुद्र्यांत तांब्याचे कण अडकलेले असतात, ते धुऊन पूर्ण निघाल्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. टर्बो दुरुस्तीला गेला. डिझेल फवारणारे नोझल तपासणीला दिले. सातपूरला बॉशच्या कारखान्यात नोझलच बनतात, त्यामुळे नाशिकमध्ये या कामाचे जाणकार पुष्कळ. सहापैकी दोन थेंब गाळत होते, ते बदलले.

१ फेब्रुवारी

नवी क्रँक आली. लाकडी खोक्यात, मेणकट कागदात. नवी म्हणून विश्वासानं बसवायची नाही. आधी रात्रभर शेडमध्ये ठेवली, मग प्रत्येक जर्नल मोजलं. मेन ८३.००, पिना ६९.००, सगळं मर्यादेत. व्ही ब्लॉकवर ठेवून मधल्या मेनला डायल गेज लावला, काटा जेमतेम हलला. गोलाई भिंगातून बघितली. जुन्या क्रँकशेजारी ठेवून मालकांना दोन्ही कोपरे दाखवले. ते बराच वेळ बघत होते.

गंज लागू नये म्हणून भरलेलं ग्रीस तेलाच्या भोकांतून डिझेल आणि ब्रशनं काढलं. आत राहिलं तर तेलाची वाट अडते.

३ फेब्रुवारी

क्रँकचा गिअर. घट्ट बसतो, म्हणून तापवून चढवावा लागतो. गॅसच्या ज्योतीनं तापवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, मला ती मान्य नाही. दात एका बाजूला लाल होतात आणि त्यांचं पाणी उतरतं. मोटर वाइंडिंगवाल्याकडून बेअरिंग तापवायचा हीटर आणला, दीडशे अंशांच्या आसपास तापवून खूण बाहेरच्या बाजूला ठेवून गिअर सरकवला. क्रँकवरच्या खुंटीत (डॉवेल पिनेत) बरोबर बसला.

७ फेब्रुवारी

क्रँक बसली.

सकाळी शेड झाडला नाही, मुद्दाम. काल संध्याकाळीच पाणी शिंपडून झाडून ठेवला होता, म्हणजे आज हवेत धूळ नको. ब्लॉक उलटा. शेलच्या पाठी आणि त्यांच्या जागा कोरड्या पुसल्या. पाठीला तेल राहिलं तर शेल नीट टेकत नाही आणि उष्णता ब्लॉकला देत नाही. आधी कोरड्यानंच क्रँक ठेवली, प्रत्येक मेनवर प्लास्टिगेजची (फट मोजायची मऊ प्लास्टिकची) तार, टोप्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराला, आवळून परत काढल्या. चपट्या झालेल्या तारेची रुंदी पट्टीशी ताडली. सातही मेनना ०.०६ ते ०.०८ मिलिमीटर. मर्यादा ०.११९ पर्यंत. समाधान वाटलं.

तार पुसून काढली, शेलच्या तोंडावर भरपूर तेल, क्रँक चेन पुलीवरून नायलॉनच्या पट्ट्यात हळू उतरवली. बोल्टांच्या आट्यांना आणि डोक्याखाली तेल. टॉर्क तीन टप्प्यांत: ६०, मग ११९, मग १७६ न्यूटन-मीटर, मधल्या टोपीपासून बाहेर. प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक हातानं फिरवून बघितली. कुठेही घट्ट लागली तर पुढे जायचं नाही. लागली नाही, शेवटच्या टप्प्यानंतरही दोन हातांनी सारखी फिरली.

क्रँकची पुढे-मागे सरक डायल गेजवर ०.२० मिलिमीटर. ०.१० ते ०.४३ मध्ये हवी.

९ फेब्रुवारी

पिस्टन आणि रॉड. रिंगा प्रत्येक बोअरमध्ये सरळ बसवून त्यांची फट मोजली. रॉड बोल्ट ३५, ७०, १०० न्यूटन-मीटर. रॉडची बाजूची सरक सहांची ०.१० ते ०.३० मध्ये. रॉड आत जाताना सांभाळून घातले, नव्या पिनेला ओरखडा नको.

मागचं क्रँक सील या इंजिनात पूर्ण कोरडं बसतं. क्रँकचा तो भाग आणि सीलची ओठं, दोन्हीला तेलाचा थेंबही नको, नाहीतर ते पुढे गळतं. हात सवयीनं तेलाच्या डबीकडे जातोच, म्हणून डबी आधीच दुसऱ्या टेबलावर ठेवली. फ्लायव्हील १३७ न्यूटन-मीटरला. नवा डँपर १२५ ला, आणि त्याच्या दोन खुणांवरून पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ मारली. सरकला तर दुरूनही दिसेल.

१२ फेब्रुवारी

हेड, पुशरॉड, टायमिंग. व्हॉल्व्हची फट गार इंजिनावर इनटेकला ०.२५, एक्झॉस्टला ०.५१. पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. त्र्यंबकच्या रस्त्याला गर्दी, सातपूरकडे जाणं शक्य नव्हतं, टर्बो उद्यावर गेला. इंजिन मशीनमध्ये ठेवलं आणि हायड्रॉलिक पंप जोडला. नवा होज लावताना चेसिसचा कंगोरा घासून गोल केला, त्यावर रबराची पट्टी बसवली आणि होजला कंस देऊन अंगठ्याएवढी मोकळी जागा ठेवली. साधे पट्टीचे क्लँप काढून रुंद टी-बोल्टचे लावले. नुसता होज बदलला असता तर तो याच जागी परत फाटला असता.

१८ फेब्रुवारी

टर्बो आला, बसला. हवेच्या मार्गाची दोन्ही तोंडं बंद करून हलकी हवा भरली आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा कुठेच नाही.

चालू करण्याआधी १५डब्ल्यू-४० तेल हातपंपानं मुख्य वाटेत भरलं, टर्बोच्या तेलाच्या नळीत वरून ओतलं. डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवला, मधे स्टार्टरला विश्रांती देत, गेजचा काटा उठेपर्यंत. काटा उठला, मग डिझेल सोडलं.

इंजिन लगेच लागलं. शेडमध्ये कुणी काही बोललं नाही, सगळे खाली कान देऊन उभे. ठोका नाही. गार असताना ६० पीएसआय. गळती बघेपर्यंतच रिकामं चालवलं, जास्त नाही. नव्या रिंगा रिकाम्या रेसवर बोअरला बसत नाहीत, उलट बोअर चकचकीत होतो आणि इंजिन कायमचं तेल खायला लागतं. पाणी कोमट झाल्यावर आवारातल्या मुरमाच्या ढिगावर बकेट घालून हळूहळू लोड दिला. दुपारी पूर्ण गरम इंजिनावर रिकाम्या रेसला २४ पीएसआय, पूर्ण रेसला ५२.

२० फेब्रुवारी

मशीन दिंडोरीकडे शेततळ्याच्या खोदाईला गेलं. खाणीवर इतक्यात नको, असं मीच मालकांना सुचवलं होतं. नव्या बेअरिंगना आधी बकेटचं काम मिळावं. तिकडे द्राक्षाची काढणी चालू आहे, पण तळं उन्हाळ्याआधी हवंय.

जाण्यापूर्वी ऑपरेटरशी बसून बोललो. एअर फिल्टर टायरवर आपटायचा नाही, कागदाला चीर पडते. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नाही, बदलायचाच. बाहेरचा फिल्टर इंडिकेटर लाल झाल्यावर काढायचा. रोज उघडला तर प्रत्येक वेळी थोडी धूळ आत पडते. आणि रोज सकाळी टॉर्च घेऊन होजच्या खालच्या बाजूला बघायचं. त्यानं विचारलं, "आणि परत ठोका आला तर?" म्हटलं, "मागच्या वेळी केलंस तेच."

३ मार्च

नवीन तेलाचे पन्नास तास झाले. दिंडोरीला जाऊन तेल आणि फिल्टर बदलला, जुना फिल्टर तिथेच झाडाखाली कापला. सुरुवातीची थोडी करडी लोखंडी भुकटी, रिंगा आणि बोअर बसतानाची. तांबूस कण एकही नाही. गरम रिकाम्या रेसला २३ पीएसआय. डँपरवरची पांढरी रेघ सलग. इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) येणारा धूर जवळजवळ नाही. होज कोरडा, कंगोऱ्यापासून मोकळा.

व्हॉल्व्हची फट परत तपासली, दोन एक्झॉस्ट किंचित जुळवले. तेलाचा थोडा नमुना बाटलीत भरून तपासणीला दिलाय, त्यात सिलिकॉनचं (गॅस्केटचं नव्हे, दगडाच्या धुळीतल्या मूलद्रव्याचं) प्रमाण काय येतं ते बघायचं. पुढचं तेल २५० तासांवर. ते झाल्यावर आणि नमुन्याचा कागद हातात आल्यावरच मशीन परत ब्रेकरला लावायचं, असं मालकांशी ठरलंय.